झुलीखालची साक्ष

बापाच्या बैलांनी राबून मला शिकवलं, तर त्यांच्याच बाजूनं उभी राहीन, असं म्हणत इंदू खटावकर मुक्या जनावरांची वकील झाली. पहिलीच गाठ पडली खाणमालक बापूसाहेब रणनवऱ्यांशी. त्यांच्या दगडाच्या गाडीला जखमी बैल जुंपतात, ही तिची तक्रार.

सुनावणी नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवशी आली. बापूसाहेबांनी कोर्टाच्या आवारात बैल आणला तो शिंगं रंगवून, मानेपर्यंत भरजरी झूल घालून.

"साहेब, हा माझा देव," ते न्यायाधीशांना म्हणाले. "या बाईंचा नुसता कांगावा! बैलानं केलीय का तक्रार? आणा त्याला साक्षीला!"

"तुम्हीच आणलात की," म्हणत इंदूनं पिशवीतून लोणी-हळदीची वाटी काढली. "उद्या पोळा, म्हणजे आज खांदेमळणी. मळा आपल्या देवाचे खांदे. साहेबही बघतील."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर भक्तीचं सोंग उघडं पडणार, मळावं तर झूल काढावी लागणार. शेवटी त्यांनी झूल सारली. खांद्यावर जू घासून झालेली ओली जखम होती. त्यांचा हात पुढे येताच बैल थरथरत मागं सरला.

"साहेब, साक्षीदाराचं सांगून झालं," इंदू म्हणाली. "आता बापूसाहेबांनी खुशाल उलटतपासणी घ्यावी!"

बैल त्याच दिवशी पांजरपोळात गेला. संध्याकाळी इंदूनं जखमेला औषध लावलं आणि भोवतीनं हलकेच लोणी-हळद चोळली.

"तुम्ही ओढलंत म्हणून मी शिकले," ती म्हणाली. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

या हाताला बैल मागं सरला नाही.