ड्रॅगनची झोपमोड

एका बेटावर पाणमांजरं राहत. मासे ती पकडत आणि राज्य सातासमुद्रापारचा सिंह करत असे. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, त्यामुळे कारभार सुरळीत चालला होता.

पुढे ते बेट शेजारच्या ड्रॅगनच्या हवाली करायचं ठरलं. तेव्हा लाखीमावशी ही म्हातारी पाणमांजरीण सिंहाच्या कचेरीत येऊन बसली.

"मालक बदलायच्या आत आमचा मुखिया आम्हाला निवडू द्या," ती म्हणाली. "मागाहून आम्हाला कोण विचारतंय?"

निघता निघता सिंहाला लोकशाहीचा पुळका आला. सुधारणांचा मसुदा कचेरीचे प्रमुख साळिंदरसाहेब यांच्याकडे सोपवला गेला. साहेबांनी अंगावरचा एक काटा उपटून त्याची लेखणी केली आणि लिहिलं, 'प्रत्येकाने आपल्या उमेदवाराच्या मडक्यात एक खडा टाकावा.'

"खडा वाजेल," सिंहाचा राजदूत कोल्हा म्हणाला. "पलीकडे ड्रॅगनसाहेब झोपलेत. वाटाघाटी नाजूक आहेत."

साहेबांना पटलं. वरून आलेलं त्यांना नेहमीच पटे. त्यांनी दुसरा काटा उपटला आणि खड्याच्या जागी पीस लिहिलं. मग कोल्ह्याला मडक्याकडे जाणारी पावलं आतापासूनच ऐकू येऊ लागली. काटे उपटता उपटता साहेबांची पाठ गुळगुळीत झाली, आणि मसुदा पक्का झाला: प्रत्येकाने घरी बसून मनातल्या मनात मत द्यावं, मोजणी कचेरी करेल.

"माझ्या मनातलं तुम्हाला कसं कळायचं?" मावशीने विचारलं.

"त्यासाठीच तर अनुभवी अधिकारी लागतात, मावशी," साहेब म्हणाले.

मतदान अत्यंत शांततेत पार पडलं. प्रचंड बहुमताने ड्रॅगनचा भाचा सरडा निवडून आला. तो उभाच नव्हता, पण जनतेच्या मनापुढे कचेरीचं काही चालेना.

सिंह मायदेशी जाऊन लोकशाहीवर व्याख्यानं देऊ लागला. ड्रॅगनने बेटावर पाय ठेवताच साहेबांना जवळ बोलावलं.

"मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "डोळे मिटून ऐकत होतो. तुमचं काम आवडलं. खुर्ची सोडू नका."

"मग आता तरी मडकं मांडा," मावशी म्हणाली. "झोपलेलं कुणीच नाही."

साहेबांनी गुळगुळीत पाठ तिच्याकडे फिरवली.

मावशी अजूनही रोज मनातल्या मनात मत देते. कचेरीत सध्या त्यावरच नवा मसुदा चालू आहे. काही पाणमांजरं फार मोठ्याने विचार करतात, अशी तक्रार आली आहे.