राष्ट्रगीताच्या आधी

“तो माणूस किती वेळ उभा होता?” मुजावर सरांनी विचारलं.

मकरंद सत्कारात मिळालेल्या शालीची घडी घालत होता. सभागृह रिकामं झालं होतं. सर आत्ताच बाहेरून आले होते आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होते.

“कोण माणूस, सर?”

“शेवटी उभा राहिला तो.”

“तो होय!” मकरंद हसला. “असेल मिनिटभर. धड काही विचारेना, धड खाली बसेना. पण घेतलं की नाही सांभाळून?”

सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

मकरंद वाट बघत राहिला. सगळ्या गावाने पाठ थोपटली होती, सरांची थाप तेवढी यायची होती. पुण्याहून गाडी हाकत तो आला होता तो त्या थापेसाठीच.

मुजावर सरांनी हयातभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची मोफत व्याख्यानं धरणाकाठच्या या गावात तेच भरवत आले होते. बाहेरच्या फळ्यावर ते स्वतःच्या हाताने लिहीत, ‘प्रवेश सर्वांना खुला’. त्यांचे नियम ठरलेले होते. आभारप्रदर्शन करायचं नाही. शेवटच्या माणसाचं विचारून होईपर्यंत व्याख्यान संपत नाही, आणि ते संपल्याशिवाय राष्ट्रगीत नाही. एकदा एका म्हाताऱ्याने वक्त्याला एवढं धरून ठेवलं होतं की वक्त्याची शेवटची एसटी चुकली. त्या रात्री वक्ता सरांच्या घरी जेवला. म्हातारासुद्धा जेवला.

मकरंद होनमाने हा त्यांचा लाडका विद्यार्थी. आता डॉक्टरेट, आता नावाजलेला वक्ता. त्याच्या जिभेवर सरस्वती नाचते असं लोक म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाचायचीच. फक्त हल्ली तिला टाळ्यांशिवाय ठेका सापडत नव्हता.

यंदाचं व्याख्यान नेहमीसारखं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी पलीकडच्या काठावरच्या जत्रेला निघालेली लाँच धरणाच्या पाण्यात उलटली आणि सतरा माणसं गेली. गावात एक आळी अशी उरली नाही की जिथे सुतक नव्हतं. तेव्हा विद्यापीठाने ठरवलं, इथे एक व्याख्यान ठेवू, मग लोकांना मोकळं बोलू देऊ. विषय दिला, ‘दुःखातून सावरताना’. सरांनी मकरंदला फोन केला.

“लोक ऐकायला येणार नाहीत, बोलायला येतील,” ते म्हणाले होते. “तू कमी बोल.”

मकरंद दीड तास बोलला. चांगलं बोलला. बायका पदर तोंडाला लावून रडल्या, पुरुष मान खाली घालून बसले, आणि शेवटी टाळ्या थांबेनात.

मग दोघातिघांनी प्रश्न विचारले. त्याने नेटकी उत्तरं दिली. आणि मागच्या खांबाजवळ एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तो नुसताच उभा राहिला. माना मागे वळल्या, कुजबुज वाढली. आपण चढवलेला रंग डोळ्यांदेखत उतरतोय हे मकरंदला दिसलं, आणि असल्या वेळी त्याची जीभ त्याला विचारत नसे.

“हे गृहस्थ उभे राहिलेच आहेत,” तो माइकमध्ये म्हणाला, “तर आता आपण सगळेच उभे राहू या. राष्ट्रगीत!”

सभागृह हसलं. हसत हसतच उठलं.

“लोक हसले, सर,” आता तो म्हणाला. “चार महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील.”

“हसले खरे.”

“मग?”

“तुझ्या विनोदाला नाही हसले. सुटले म्हणून हसले.”

“कशातून सुटले?”

सर हळूहळू आत आले आणि भिंतीला टेकले.

“तो शिवराम तारू होता. लाँच त्याची. सुकाणूवर तोच होता.”

मकरंदचा हात शालीवरच राहिला.

“पोलिसांनी नेला आणि सोडला,” सर म्हणाले. “गावाने नाही सोडला. चार महिन्यांत त्याच्याशी कुणी शब्द बोललेलं नाही. वाण्याकडे गेला की वाणी आत जातो.”

“मला कुणी सांगितलं नाही...”

“नाही सांगितलं.”

“तुम्ही मागेच बसला होतात. तुम्ही का नाही थांबवलं?”

सरांनी डोळे मिटले.

“उठायला वेळ लागला. उभा राहिलो तोवर राष्ट्रगीत सुरू झालं होतं. राष्ट्रगीतात हलत नाहीत, मकरंद. मीही हललो नाही.”

“आणि तो?”

“तोही नाही. सावधान उभा होता. सगळ्यांबरोबर म्हणत होता.” सर थांबले. “शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फुटला. मग गर्दी दाराकडे सुटली. मी दाराशी पोचलो, तो दिसला नाही. स्टँडपर्यंत जाऊन आलो.”

मकरंदला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याच्या आधी त्याला राग आला, आणि तो राग बाहेर पडला.

“पण सर, त्याने विचारायला नको? मी काय मनकवडा आहे? एवढी माणसं उठतात, विचारतात, बसतात. तोंड उघडायला काय लागतं?”

सरांनी मागच्या खांबाकडे बोट केलं.

“तिथे जा.”

“सर...”

“जा. तिथे उभा राहा.”

मकरंद गेला. सर कठडा धरून व्यासपीठाच्या पायऱ्या चढले आणि वक्त्याच्या खुर्चीत बसले.

“सभागृह भरलेलं आहे,” ते म्हणाले. “पुढच्या सतरंजीवर, ज्यांची माणसं गेली ते बसलेत. तू शिवराम आहेस. विचार.”

मकरंदने तोंड उघडलं. बोलणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याला एक वाक्य जुळवायला किती वेळ लागणार! त्याने एक वाक्य मनात धरलं, ते टाकलं. दुसरं धरलं.

“मी...”

पुढे काही येईना.

वर पंखा करकरत होता. सर काही सुचवत नव्हते. घड्याळाकडे बघत नव्हते, मानही हलवत नव्हते. नुसते ऐकायला बसले होते.

“माझ्या...”

...

समोर रिकाम्या सतरंज्या होत्या, तरी त्यांच्याकडे बघवेना. आणि मग त्याला एकाच गोष्टीची भीती वाटायला लागली. आत्ता या क्षणी कुणी हसलं तर?

“सर,” तो कसाबसा म्हणाला, “कुठे राहतो तो?”

“गाडी काढ,” सर म्हणाले. “माझे गुडघे तिथवर पोचत नाहीत, म्हणूनच परत आलो.”

अर्धी घडी घातलेली शाल तिथेच राहिली.

गाडी गावाबाहेर पडून धरणाच्या रस्त्याला लागली. ऊन उतरलं होतं. राहवेना म्हणून मकरंदने विचारलं.

“सर, तो काही करून घेणार नाही ना जिवाचं?”

आयुष्यभर सरांकडे त्याच्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर असे, निदान उलटा प्रश्न तरी असे. या वेळी ते म्हणाले,

“मला माहीत नाही, मकरंद.”

रस्ता संपला तिथे पत्र्याचं एक घर होतं. त्यापुढे पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला धरणाचा बांध. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. गाडी बघून ती धडपडत उठली. चार महिन्यांत या दारात गाडी आली होती ती पोलिसांचीच.

“शिवराम आहे का घरी?” सरांनी विचारलं.

“न्हाईत की. व्याख्यानाला गेल्यात.” तिने पदर डोक्यावर ओढला. “चार म्हैनं उंबरा वलांडला नव्हता. आज आपल्या मनानं अंघूळ केली, धुतलेला शर्ट मागितला. म्हनलं, कुटं निघालाव? तर म्हनले, समद्यांना बोलिवलंय, फळ्यावर लिवलंय. सगळ्यांम्होरं एकदा इचारतो म्हनले.”

“काय विचारणार होते?” मकरंदने विचारलं.

“त्ये न्हाई सांगितलं मला.” ती दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं, ते ती आता जपू बघत होती. “तुमी तिकडूनच आलाव ना? बोलले का त्ये?”



सरांची नजर बांधाकडे गेली. मकरंदचीही गेली. बांधाच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेला काहीतरी उभं होतं. माणूस होता की होडी बांधायचा खांब, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. तो हलत नव्हता.

“पळ,” सर हलकेच म्हणाले.

मकरंद पळत सुटला. पायवाटेवर खडी होती, बुटातून पाय निसटत होते. हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण काय म्हणून मारायची ते सुचेना. तो नुसता पळत राहिला, आणि पाठीमागून त्या बाईचा आवाज आला.

“सर... संपलं व्हय हो व्याख्यान?”

“नाही, बाई,” मुजावर सर म्हणाले. “विचारणारा अजून उभा आहे.”