वेळूखिंडीची पालथी वीरगळ

वेळूखिंडीच्या वेशीत एक मोठी शिळा पालथी पडलेली आहे. कोरलेली बाजू मातीत, कोरी पाठ आभाळाकडे. पाहुणे आले की गंगारामतात्या त्यांना आधी चपला काढायला लावतात आणि मगच सांगायला बसतात.

असे सांगतात की, फार पूर्वी इथल्या सुभानराव सरदाराने गावातली धडधाकट पोरं लढाईला नेली. त्यांत बयजाबाईचा एकुलता एक सिदूही होता. पोरं गेली ती गेलीच. परत आला तो एकटा सरदार, अंगावर साधा ओरखडा नाही. "सगळे रणात पडले," एवढंच म्हणाला आणि घरात शिरला.

पुढे त्याने मेलेल्यांसाठी वीरगळ घडवायला घेतली. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याचा दगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, वर शंकराची पूजा. दगडाभोवती पडदा होता. बयजाबाई पाथरवटासाठी रोज ओढ्यावरून पाणी आणायची आणि छिन्नीचा आवाज ऐकत बाहेर बसायची. आत आपला सिदू घडतोय, एवढ्याच आशेवर ती माउली जगत होती म्हणे.

दसऱ्याला पडदा निघाला. तिने खालून वर पाहिलं. तिन्ही ठिकाणी एकच चेहरा, त्याच झुपकेदार मिशा. सुभानरावाच्या! जिवंत माणूस अप्सरांबरोबर स्वर्गात निघालेला. लाज कोळून प्यायला होता मेला.

बयजाबाई पुढे झाली. "सरकार, दगूड तुमास्नी ऱ्हाऊ द्या. माजा सिदू कुठं पडला, तेवढं सांगा. नदीकाठी, का डोंगरात? झाडाखाली तरी पडला का?"

सरदार नुसता मिशी चाचपत राहिला. ठाऊक असतं तर सांगितलं असतं ना! लढाईला तोंड लागायच्या आधीच त्याने पळ काढला होता. हे साऱ्या गावाला तिथेच कळून चुकलं. बायकांनी मुसळं लावून शिळा तोंडघशी पाडली. उघड्या पडलेल्या पाठीवर बयजाबाईने तेल घातलं. म्हणाली, "हिच्यावर कुनाचंच त्वांड न्हाई, म्हंजी ही समद्या पोरांची." सिदू कुठे पडला, हे मात्र तिला शेवटपर्यंत कळलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना विचारता विचारताच ती गेली.

आजही दसऱ्याला त्या पाठीवर तेल घालतात. गावची पोरं आजही फौजेत जातात, आणि काही परत येत नाहीत. मग एखादा पुढारी शिळेला घालायला हार घेऊन येतो. गेलेल्या जवानाची आई वेशीत आडवी उभी राहते आणि विचारते, "माजं लेकरू कुठं पडलं?" सांगता आलं, तरच त्याला हार घालू देतात. बहुतेकांचे हार गाडीतच सुकतात.