होडीचा डोळा

जिथे डोंगराचे पाय खाडीत बुडतात आणि पाण्याचा उजेड दिवसभर घरांच्या छपरांखाली हलत राहतो, अशा एका गावात एक होड्या बांधणारा मेस्त्री राहायचा. त्याचा हात असा, की लाकडालाही वाटावं, आपण मुळात होडी व्हायलाच उगवलो होतो. पण एवढी कला हातात असून कित्येक वर्षांत त्याची एकही होडी पाण्यात उतरली नव्हती.

त्याचं कारण होतं एक रीत, आणि ती रीत मोडायची त्याची खोड. त्या गावात होडीला डोळे काढायचे. फळ्या बसल्या, फटींत राळ भरली, लाकडाला तेल पाजून झालं, की अगदी शेवटी, पाण्यात लोटायच्या दिवशी, होडीच्या पुढच्या टोकावर दोन्ही अंगांना चुन्याने आणि काजळाने डोळे रेखायचे. डोळे उघडले की होडीला पाणी दिसतं, आणि एकदा पाणी दिसलं की तिला काठावर चैन पडत नाही, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून डोळे शेवटी.

आमच्या मेस्त्रीला एवढा धीर कुठला! नवी होडी मनात आली की त्याला तहानभूक सुचायची नाही. पुढचं टोक उभं राहिलं रे राहिलं, की हा चुन्याची वाटी घेऊन हजर. "डोळे काढले की ती माझी झाली," असं म्हणायचा. मग दोन-चार फळ्या ठोकायचा, आणि तेवढ्यात दुसरी एखादी होडी त्याच्या मनात येऊन बसायची.

अशा अर्ध्या होड्यांनी त्याचं अंगण भरून गेलं होतं. एक होती रानबदकांच्या मागे जायला, निमुळती नि हलकी. एक रुंद आणि सपाट. तिच्यात माती भरून तो तरंगती बाग लावणार होता. एक होती माशांची कुजबुज ऐकायला, तिच्या तळाशी कान टेकायची जागासुद्धा करून ठेवली होती. आणि सगळ्यांत लाडकी होती उंडीच्या लाकडाची, आभाळ जिथे पाण्याला टेकतं तिथवर जाणारी. संध्याकाळी खाडीच्या मुखाशी ती रेघ सोनेरी व्हायची, आणि तिच्याकडे बघता बघता मेस्त्रीच्या हातातली पेज निवून जायची.

या सगळ्या गर्दीत, कुंपणाजवळ, आणखी एक होडी होती. साधी, पोटाशी रुंद, माणसं पैलतीरी न्यायची-आणायची. हिच्यात स्वप्न ते कसलं? म्हणून हिला डोळे काढायचं मेस्त्रीला सुचलंही नव्हतं.

पण गरज होती ती हिचीच. मेस्त्रीची एकुलती एक लेक पैलतीरावरच्या गावात दिली होती. गावाची जुनी होडी कुजून बुडाली, तेव्हापासून जाणं-येणं थांबलं होतं. गावात लहान डोण्या होत्या, पण त्या काठाकाठाने मासे धरण्यापुरत्या. खाडीचा मधला ओघ ओलांडणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. दोन्ही तीरांवरची माणसं उंच काठीला फडकी बांधून एकमेकांशी बोलायची. पांढरं फडकं म्हणजे सगळं ठीक. पिवळं म्हणजे गोड बातमी. तांबडं म्हणजे असाल तसे या.

उन्हाळ्यात एका सकाळी पैलतीरी पिवळं फडकं लागलं. लेकीला दिवस गेले होते.

मेस्त्रीची बायको सुईण होती. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर या जगात आली होती. पैलतीरी मात्र सुईण नव्हती. शिवाय थंडी पडली की तिथे असं दाट धुकं उतरायचं की खाडीच मिटून जायची. मग महिना-महिना कोणी पाण्यावर जात नसे.

"धुकं पडायच्या आत मला लेकीजवळ पोचवा, बाकी मी काही मागत नाही," बायको म्हणाली.

"अगं, त्यात काय! उद्याच धरतो," मेस्त्री म्हणाला. आणि त्याने धरलं, हे खरं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

पण कुंपणाजवळच्या होडीवर हातोडा उचलला की त्याला वाटायचं, कोणीतरी बघतंय. मान वळवली की बदकांची होडी टक लावून बसलेली. 'हिची एक फळी तेवढी बसवतो,' म्हणून तो उठायचा. तिथे बसला की बागेच्या होडीचे डोळे पाठीला लागायचे. तिच्याकडे जावं, तर माशांची होडी रुसल्यासारखी दिसायची. असा दिवसभर अंगणात फिरून तो संध्याकाळी थकून ओट्यावर टेकायचा, आणि लेकीची होडी सकाळी होती तेवढीच असायची.

"अहो, कुठवर आली होडी?" बायको विचारायची.

"होतेय गं. आज जरा बागेच्या होडीकडे बघावं लागलं."

"का? बागेत बाळंत होणार आहे का ती?"

मेस्त्री हसायचा. बायकोही आधी आधी हसायची. पुढे पुढे तिचं हसणं थांबलं. भाद्रपद गेला, दसरा गेला, पहाटे डोंगराच्या कुशीत पांढरी वाफ जमायला लागली. त्या दिवशी तिने जेवणाची भांडी गोळा करता करता नुसतं एवढंच सांगितलं, "इतकी बाळंतपणं केली मी. जुळी असली तरी एकामागून एकच येतात. दोघं एकदम दाराशी आली ना, तर दोघंही अडकतात. आणि आईही जाते." आणि ती आत निघून गेली.

मेस्त्री पाटावरून उठला. तो काठावरच्या उंडीच्या झाडाखाली जाऊन आडवा झाला. वर पानांतून ऊन सांडत होतं, खाली भरतीचं पाणी येत होतं, आणि त्याचे डोळे कधी मिटले ते त्यालाही कळलं नाही.

झोपेत त्याला दिसलं, की अंगणात गुडघाभर पाणी आलंय. सगळ्या अर्ध्या होड्या त्याच्याभोवती गोळा झाल्यात. पाणी त्यांच्या उघड्या फासळ्यांतून आरपार वाहतंय आणि एकही तरंगत नाही.

"आम्हाला का जागं ठेवलंस, मेस्त्री?" बदकांच्या होडीने विचारलं.

"मी जीव लावलाय तुम्हाला," तो म्हणाला.

"लावलास. नाही कुठे म्हणतोय? पण रोज पाणी बघायचं आणि रोज पुढच्या फळीची वाट बघायची. डोळे शिणले आमचे. पाणी देता येत नसेल, तर झोप तरी दे."

तो दचकून उठला. अंगण कोरडं होतं. होड्या आपापल्या जागी होत्या. पण प्रत्येकीच्या डोळ्याखाली काजळाचा एक ओघळ उतरला होता. दव म्हणावं, तर भर दुपारी दव कुठलं पडायला!

मेस्त्रीने तेलाचा बुधला उघडला. मग तेलात भिजवलेलं फडकं घेऊन बदकांच्या होडीजवळ गेला. लहान मुलाचं तोंड पुसावं तसे त्याने तिचे डोळे पुसले. "नीज आता," म्हणाला, आणि त्याला रडू आलं. आपण हिला सांभाळतोय असं तो इतकी वर्षं समजत होता. ती नुसती ताटकळत होती, हे त्याला आज कळलं.

रडत रडतच त्याने तिच्या फळ्या उकलल्या आणि लेकीच्या होडीला लावल्या. माशांच्या होडीचंही तसंच केलं. सपाट होडी शेजारणीने मागून नेली. तिने परसात ती ठेवून माती भरली आणि झेंडू लावला. तिला बाग व्हायचं होतं, ती झाली. तरंगायचं तेवढं राहिलं.

उंडीच्या होडीजवळ मात्र त्याचा हात थांबला. 'एवढी एक राहू दे,' त्याने स्वतःला समजावलं. 'डोळे पुसत नाही, नुसतं गोणपाट टाकतो.' आणि त्याने ती झाकून ठेवली.

आता काम झपाझप व्हायला लागलं. पाठीवर कोणाची नजर नव्हती. एक फळी बसवली की दुसरी आपोआप हाती यायची. मेस्त्रीला मधेच आठवलं, की लहानपणी बापाच्या हाताखाली आपण असंच काम करायचो, आणि तेव्हा दिवस केवढा मोठा असायचा.

शेवटी एकच फळी राहिली. पोटाजवळच्या वळणावरची, जिथे ओघाचा सगळा रेटा बसतो. तिथे सरळ लाकूड चालत नाही. वाढतानाच वाकलेलं लागतं. मेस्त्रीने सारं अंगण धुंडाळलं. तसं लाकूड एकाच ठिकाणी होतं. गोणपाटाखाली.

तो तिथे जाऊन उभा राहिला. आभाळाची ती रेघ त्याला आठवली. निवून गेलेली पेज आठवली. हिची एक फळी काढली की ही होडी पुन्हा कधी होणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तेवढ्यात दारात बायको दिसली. काखेत गाठोडं बांधून तयार होती.  तिने फक्त खाडीपलीकडे बोट दाखवलं. पैलतीरी तांबडं फडकं लागलं होतं, आणि त्याच्या मागून धुकं डोंगर उतरत होतं.

मेस्त्रीने गोणपाट ओढलं. उंडीच्या होडीने त्याच्याकडे बघितलं. "मला क्षमा कर, बाय," तो म्हणाला. लेकीलाही तो बायच म्हणायचा. त्याने तिचे डोळे पुसले आणि फळी सोडवली.

ती वळणावर अशी बसली, जणू तिथलीच होती. फटी भरल्या, तेल पाजलं. मग बायकोने चुन्याची वाटी धरली आणि मेस्त्रीने डोळे काढले. आयुष्यात पहिल्यांदा, सगळं झाल्यावर, अगदी शेवटी. घाईत एक डोळा जरा मोठा झाला.

होडी पाण्यात लोटेपर्यंत काठ धुक्यात बुडाला होता. "मेस्त्री, वेडेपणा करू नका," लोक म्हणाले. "खाडी मिटली. वाट कशी दिसणार?"

"हिने आत्ताच डोळे उघडलेत," मेस्त्री म्हणाला. "उघडल्या उघडल्या तिला ते तांबडं फडकं दिसलंय. दुसरं काही तिला ठाऊकच नाही."

दोघं वल्हवू लागली. काठ गेला, माणसांचे आवाज गेले. वर पांढरं, खाली पांढरं. मधल्या ओघाने होडीला रेटा दिला, पण उंडीची फळी कुरकुरली नाही. मेस्त्रीने सवयीने दूरवर आभाळाची रेघ शोधली. रेघ नव्हती. आभाळ उतरून पाण्याला टेकलं होतं, अगदी वल्ह्याच्या टोकाशी, आणि त्यातून होडी अलगद चालली होती. त्याने हळूच हात खाली नेऊन त्या फळीवर ठेवला.

"अगं, आलो की आपण!" तो म्हणाला.

"कुठे? काठ तर दिसत नाही."

"काही नाही. वल्हव."

थोड्या वेळाने धुक्यात काहीतरी तांबूस हललं आणि होडीचं टोक वाळूत रुतलं. बायको गुडघाभर पाण्यात उडी मारून पळाली. मेस्त्री होडीपाशीच बसून राहिला, एक हात तिच्या अंगावर ठेवून. कितीतरी वेळाने काठालगतच्या घरातून एक बारीक, रागावलेलं रडणं आलं, आणि त्यामागून लेकीचं थकलेलं हसणं.

बायको नातीला धडुत्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. मेस्त्री वाकून बघायला लागला. पोरीचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"उघडत कशी नाही ही?" तो म्हणाला.

"उघडेल," बायको म्हणाली. "तुम्हाला मेली घाईच फार."

तात्पर्य: जी कामं आपल्याकडून पाण्यापर्यंत पोचणार नाहीत, त्यांचे डोळे मायेने मिटावेत, म्हणजे जे पोचायलाच हवं, त्याला वाट दिसते.