चार पट्ट्यांवर उभी गाडी

एकदा एक माणूस होता आणि त्याचा दोरीवर फार विश्वास होता. नाव बाळगोंडा, गाव गडहिंग्लज. जीपमागे छोटा ट्रेलर जोडून लोकांच्या मोटारसायकली गावोगावी पोचवणे हा त्याचा व्यवसाय. पण मागच्या महिन्यात आंबोली घाटात ट्रेलरवरची एक गाडी आडवी झाली आणि त्याने हायच खाल्ली. "आणखी एक पडली, तर हा धंदा बंद," असे तो घरी बोलून चुकला होता.

अशात शालनबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पती वर्षापूर्वी गेलेले. पतीची जुनी मोटारसायकल सावंतवाडीला मुलीकडे पाठवायची होती.

"टाकीचा रंग त्यांच्या गुडघ्यांनी झिजलाय," बाई म्हणाल्या. "तो तेवढा तसाच राहू दे. दुसरं काही मागणं नाही."

बाळगोंडाला नाही म्हणवेना आणि हो म्हणायची छाती होईना. तो तडक दस्तगीरचाचांकडे गेला. चाचांनी उभी हयात गाड्या वाहण्यात घालवलेली. बाळगोंडा त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता खरा, पण चार दिवसांतच 'आलं मला' म्हणून निघून गेला होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे आपण सगळेच, त्याला एकट्याला का हसा?

"चाचा, तुम्ही बरोबर चला. तुम्ही असलात की मला धीर येतो."

चाचा सकाळी आले. तोवर बाळगोंडाने गाडी ट्रेलरवर स्टँडला लावून सात दोऱ्यांनी आवळली होती. शालनबाईही सोबत जायला तयार उभ्या होत्या.

"लेका, मोटारसायकल बांधलीस का मारकी म्हैस?" चाचा म्हणाले, आणि त्यांनी सातही दोऱ्या सोडायला लावल्या.

पुढचे चाक ट्रेलरच्या खोबणीत बसवून त्यांनी चार रुंद पट्टे घेतले. दोन हँडलपासून ट्रेलरच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना, दोन गाडीच्या मागच्या भागापासून मागच्या कोपऱ्यांना. बाळगोंडाने हँडलवर भार टाकला. पुढचे शॉकअब, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, निम्मे दबले तशी "बस्स!" म्हणून चाचांनी दोन्हीकडचे पट्टे सारखे ताणले, मागचेही ताणले. आणि मग शांतपणे वाकून गाडीखालचा स्टँड वर चढवला.

"अगं बाई!" शालनबाई ओरडल्या. बाळगोंडा दोन्ही हात पसरून धावला.

गाडी पडली नाही. चाचांनी तिला कडेने जोरात ढकलले, तर गाडीबरोबर अख्खा ट्रेलर हलला. बाळगोंडाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

जीप चाचांनी घेतली. बाळगोंडा मागे, ट्रेलरकडे तोंड करून बसला. घाटातल्या वळणावळणाला त्याचा जीव टांगणीला लागायचा. खड्डा आला की गाडी किंचित मान लववी आणि पुन्हा वर येई. ना खाली दगड, ना बगलेला लाकूड, तरी मधोमध ताठ. एवढ्या गाड्या वाहिल्या, पण गाडीचे उभे राहणे त्याने आजवर पाहिलेच नव्हते. त्याच्या अंगावर काटा आला.

घाट उतरल्यावर पट्टे तपासायला चाचा थांबले, तेव्हा त्याने विचारले, "चाचा, मागच्या महिन्यातली गाडी सात दोऱ्या आणि स्टँड असताना पडली, आणि ही चार पट्ट्यांवर बिनआधार कशी उभी?"

"स्टँड हा थांबलेल्या जमिनीचा सोबती, बाळा. इथं जमीनच चालू लागते. मग ज्याच्यावर गाडी रेलली, तोच तिला पाडतो. आणि हे चार पट्टे बघ. प्रत्येकाची ओढ तिला आपल्याकडं पाडायचीच आहे. पण चौघांची ओढ सारखी झाली, की मधलं उभं राहतं."

"मग शॉकअब निम्मेच का दाबले?"

"वरचा निम्मा ताणासाठी दिला. खालचा निम्मा खड्ड्यासाठी ठेवला. सगळंच आवळलंस, तर धक्का तिनं सोसायचा कुठं?"

शालनबाई खिडकीतून ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले.

सावंतवाडीला बाळगोंडाने आधी स्टँड लावला, मग पट्टे सोडले. चाचांनी ते पाहिले आणि मान डोलावली. टाकीवरचा झिजका रंग जसाच्या तसा होता. लेकीने गाडी सुरू केली. "थांब," म्हणत वर्षभर त्या गाडीला हात न लावलेल्या शालनबाई मागे बसल्या आणि एक फेरी मारून आल्या.

परतीच्या वाटेवर बाळगोंडाला कंठ फुटला होता. "चाचा, परवा निपाणीची गाडी आहे. आता दर खेपेला तुम्ही शेजारी बसायचं!"

चाचा खो खो हसले. "एवढा घाट उतरलास आणि चढलास, तरी कळलं नाही? अरे, तुझा स्टँड मी. चढवून ठेव मला."



तिसऱ्या दिवशी निपाणीची गाडी त्याने एकट्याने बांधली. मग वाकून स्टँड वर चढवला. गाडी उभी राहिली.