देवाचा गाल

एका गावात केदारशास्त्री नावाचे वैद्य राहत. तरुण मुलामुलींच्या तोंडावरचे मुरुम घालवणारा लेप शोधण्यात त्यांची हयात गेली होती. लोध्र, वेखंड, धने उगाळून त्यांनी कितीतरी लेप केले आणि गुण येईना म्हणून टाकून दिले.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. नवा लेप एकाच गालाला लावायचा. दुसरा गाल तसाच ठेवायचा. त्याला ते देवाचा गाल म्हणत.

एकदा कासाराची मंजुळा त्यांच्याकडे आली. मुरुमांनी तिचा चेहरा इतका भरला होता की ती पदराआड तोंड लपवून चाले. घरी ती मुरुम नखांनी फोडी, लिंबू चोळचोळून चेहरा सोलून काढी. शास्त्रींनी तिच्या उजव्या गालाला नवा लेप लावला.

"आणि या गालाने काय पाप केलंय, शास्त्रीबुवा?" तिने विचारले.

"तो देवावर सोडायचा. पण एक ऐक. दोन्ही गालांना नख लावायचं नाही, लिंबू चोळायचं नाही. नुसत्या पाण्याने तोंड धुवायचं."

काही महिन्यांनी मंजुळा भर बाजारातून उघड्या तोंडाने आली. साऱ्यांच्या नजरा लेप लावलेल्या उजव्या गालावर होत्या; तो नितळ झाला होता. तिच्यामागे सारा गाव लोटला. बाजाराला आलेले शहरचे व्यापारी खुशालशेठ तर गाडी जुंपूनच आले. म्हणाले, "हा लेप मी मुलूखभर पोचवतो. घरोघर तुमचं नाव होईल!"

शास्त्रींचे डोळे भरून आले. त्यांनी मंजुळेचा चेहरा उजेडाकडे वळवला. देवाचा गालही तितकाच नितळ होता.

शास्त्री थक्क झाले. कोणी न सांगता, कोणाला न कळता, त्या कातडीने स्वतःला आतून नवे विणले होते. उगाळण्याच्या नादात हे नवल त्यांनी कधी धड पाहिलेच नव्हते. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग भीती वाटली. खरे सांगितले तर जन्मभराचे नाव जाणार होते.

"लोकहो, हे लेपाने झालेलं नाही," ते म्हणाले. "पोरीने गालांना छळणं थांबवलं, आणि ते आपले आपण बरे झाले."

खुशालशेठ कानाशी लागले. "अहो, दोन्ही गालांना लावला म्हणा! कोण बघायला आलं होतं?"

"मी होतो ना."

"मग इतकी वर्षं उगाळलं काय?" कोणीतरी हसले. लोक पांगले. शेठची गाडी रिकामी गेली.

ओट्यावर परगावची एक बाई मुलीला घेऊन बसून राहिली. मुलीच्या गालांवर ठणकणाऱ्या मोठ्या गाठी होत्या.

शास्त्री म्हणाले, "बाई, हिचं नुसत्या पाण्याने भागायचं नाही. हिला औषध हवं. पण ते मला अजून सापडलेलं नाही."

"मग शोधा," बाई म्हणाली. "सापडलं असं तुम्ही म्हणालात, की मी डोळे मिटून हिला लावीन."

तात्पर्य: निसर्गाचे श्रेय जो निसर्गाला देतो, त्याच्याच शब्दावर माणसे भरवसा ठेवतात.