राजाने देवालाच कौल लावला

“मडकं दिसलं की कुंभार असलाच पाहिजे!” लठ्ठ पंडित ओरडला.

“मडकं घाल चुलीत! नारळ बघ, नारळ!” उंच पंडित त्याच्यावर खेकसला.

“आधी तुम्ही दोघं गप्प बसा!” बुटका पंडित पाटावर चढून म्हणाला.

हे भांडत कुठे होते? राजा भानुसेनाच्या दरबारात, बरं का. आणि राजा मधोमध बसला होता, डोकं धरून.

झालं होतं असं. समुद्राकाठचं चिमुकलं राज्य. राणी तापाने गेली. राजकन्या केतकी जेमतेम सहा वर्षांची. जो तो तिला सांगे, आई देवाघरी गेली. मग केतकीने राजाला विचारलं, “देव खरंच आहे का? नसला तर आई कुणाच्या घरी गेली?” राजा पडला खरं बोलणारा. म्हणाला, “शहाण्यांना विचारून सांगतो.” केतकी म्हणाली, “मग मीही तेव्हाच जेवीन.” झाले की दोन दिवस! पोर उंबऱ्यात, पुढ्यात ताट, भातावर माश्या.

म्हणून हे तीन शहाणे.

लठ्ठ म्हणाला, “मडक्याला कुंभार, तसा जगाला देव.” राजाला पटलं. पण लगेच वाटलं, कुंभाराला कुणी घडवलं? त्याच्या आईने. तिला? तिच्या आईने. “ही ओळ थांबते कुठे?” लठ्ठ घाम पुसत म्हणाला, “देवापाशी.” “तिथेच का?” लठ्ठ पाणी प्यायला गेला.

मग उंच म्हणाला, “महाराज, एवढ्या उंचावर नारळात गोड पाणी कुणी भरलं? हे आपोआप होतं का?” राजाला तेही पटलं. पण मग आठवलं, गेल्या साली असाच एक नारळ सेनापतीच्या टाळक्यात पडला. राजाने विचारलं, “तो कुणी पाडला?” उंच पंडित छताकडे बघत राहिला.

मग बुटका म्हणाला, “ज्याच्याहून मोठं काही मनात आणताच येत नाही, तो देव. तो नुसता मनातच असता, तर खरोखर असणारा त्याच्याहून मोठा ठरला असता. म्हणजे तो आहेच!” राजाने डोळे मिटले आणि सर्वांत मोठा मोदक मनात आणला. डोळे उघडले. मोदक कुठेच नव्हता.

राजाच्या डोक्याची झाली कढी. तो उठला नि म्हणाला, “चला, देवालाच विचारू.”

त्या गावाची रीत अशी, बरं का. काही अडलं की कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर खणायची असो की सोयरीक जमवायची असो, कौल हवाच.

देवळात म्हातारी धोंडाई गुरवीण कौल लावायची. तिने पाकळ्या लावल्या. राजाने हात जोडले. “देवा, तू आहेस का?”

टप्प! डावी पडली.

“नाही म्हणाला! देवाने स्वतःच सांगितलं!”

“सांगितलं म्हणजे आहे की!”

“आहे, तर मग खोटं बोलला!”

“देव खोटं बोलत नाही. म्हणजे नाहीच!”

तिघांनी एकमेकांच्या शेंड्या धरल्या. राजा त्या डाव्या पाकळीकडे बघतच राहिला. आहे म्हणून नाही, की नाही म्हणून आहे? केतकी ताट घेऊनच मागून आली होती. ती हळूच म्हणाली, “मग आई कुठंय?”

कुणाला ऐकू गेलं नाही. धोंडाईला गेलं. तिने फुलांची परडी दाणकन आपटली. पंडितांचे हात शेंडीवरच थिजले. मग ती राजाला एकच वाक्य बोलली.

आणि काय सांगू! राजा तिथेच देवळाच्या पायरीवर बसला. पोरीला मांडीवर घेतलं. म्हणाला, “तुझी आई पालीला फार भ्यायची. ओवी म्हणताना दुसरी ओळ आधी म्हणायची. तू झालीस तेव्हा हसली, म्हणाली, कान मेले बापाचेच!” आणि राणी गेल्यापासून पहिल्यांदा राजा रडला. केतकी म्हणाली, “आणखी सांग.” एक घास खाल्ला. मग दुसरा. मग ताट चाटून पुसून साफ! पंडितही ऐकत बसले, कुणी न बोलावता.

देव आहे की नाही, ते राजाला पुढेही कळलं नाही. म्हातारपणीसुद्धा नारळाखाली थांबायचा, वर बघायचा, मग जरा बाजूला सरकायचा. पण बापलेक सुखाने राहिले. चला, आता मिटा डोळे.

काय म्हणता? धोंडाई काय बोलली ते राहिलंच? बरं, ऐका आणि गुमान झोपा. ती म्हणाली, “अरे राजा, पोरीनं तुला आईचं विचारलं, आणि तू दोन दिवस देवाचंच दळण दळत बसलास!”